काचेतलं पान काय खातं

सोमवार, ६ जानेवारी. संध्याकाळी ६.४०

नव्या वर्षातला कामाचा पहिला दिवस. यंदा पान चालवून दाखवायचंच. शिवाय रोज सातच्या आत घरी यायचं, आणि ही रोजनिशी लिहायची: मोजकी, शास्त्रज्ञाला शोभेल अशी, भावनांना वाव न देता.

सातच्या आत घरी येण्याची तशी घाई नाही. घरी सध्या कोणी नसतं. चिझुरू तेवीस नोव्हेंबरपासून मात्सुएला, थोरल्या बहिणीकडे आहे. हवापालट. ओकायामासारखा लख्ख उन्हाचा प्रांत सोडून डोंगरापलीकडच्या ढगांत हवापालटाला जाणारी माझी बायको बहुधा पहिलीच.

आज तिचा जाड लिफाफा आला. नववर्षाचं कार्ड आलं नव्हतं, म्हटलं उशिरा का होईना, आलं. आत हिरव्या रेघांचा छापील सरकारी अर्ज. घटस्फोटाचा. तिचा रकाना भरलेला, सही आणि नावाचा शिक्का जागच्या जागी. साक्षीदार दोन लागतात. पहिल्याच्या जागी बहिणीची, ओरिएची सही. दुसरी जागा रिकामी. सोबत चिठ्ठी: घाई नाही, पण मार्चअखेरपर्यंत द्यावा.

शांतपणे मीमांसा केली. अर्जावर तारीख नाही. चिझुरू लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख चिकटवते. दुसरं, घाई नाही असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. तिसरं, ओरिएची सही पाहता हा बेत मुळात कोणाचा, हे सांगायला नकोच. सबब, निर्णय पक्का नाही.

अर्ज तांदळाच्या डब्याखाली ठेवला. डबा डुगडुगायचा, तो थांबला.

गुरुवार, ९ जानेवारी

याशिरोसाहेबांनी बोलावलं. आमच्या संशोधन केंद्रातले विभागप्रमुख, माझ्याहून चार वर्षांनी लहान, हे केवळ नोंदीसाठी. १८ मार्चला मूल्यमापन समिती येणार. म्हणाले, अहो कुरामोची, एकोणीस वर्षं झाली, आता पान एक तर फुटू द्या, नाही तर गळू द्या. मी हसलो. साहेबांचे विनोद ऋतुमानाप्रमाणे असतात.

१८ मार्च! चिझुरूची मुदत मार्चअखेर. दोन्ही मुदती एकाच पंधरवड्यात याव्यात हा योगायोग नव्हे. पान चालतं, समिती उठून उभी राहते, पहिल्या रांगेत चिझुरू बसलेली. पुढचं आपोआप.

पान म्हणजे पोस्टकार्डाएवढा राखाडी पत्रा, त्यावर आमच्या भुकटीचा लेप. काचेच्या भांड्यात पाण्यात बुडवायचा, खालून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे, वरून कृत्रिम सूर्याचा दिवा लावायचा. झाड ऊन, पाणी आणि हवा यांतून साखर करतं. आमचं पान फॉर्मिक आम्ल करणार, मुंगीच्या डंखात असतं ते. त्यातून हायड्रोजन, हायड्रोजनवर गाड्या, चुली, कारखाने. धूर नाही. ‘करणार’ असं भविष्यकाळात लिहिलं, कारण गेल्या जुलैपासून ते काहीच करत नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षी चिझुरूला हे सगळं समजावलं होतं. ती म्हणाली, अहो, झाडं हे फुकटात करतात, वर सावलीही देतात. मी म्हणालो, पाच वर्षं थांब.

नोव्हेंबरात जाताना म्हणाली की हे मी चार वेळा म्हणालो. मोजून पाहिलं. चारच. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे.

मंगळवार, १४ जानेवारी. दुपारी ४

चाललं! पान चाललं!

क्रमानं लिहितो. थंडीनं हात फुटले आहेत. आमच्या गुरुजींचा दंडक असा की ज्याचा प्रयोग त्यानं आपली काच आपल्या उघड्या हातांनी धुवायची, आणि शेवटी ओला अंगठा काचेच्या आतून फिरवायचा. चुई आवाज आला तर काच स्वच्छ. नव्या पिढीला हातमोजे लागतात, त्यांना काच काय बोलते ते कळत नाही. मी तीस वर्षं अंगठ्यानं ऐकतो आहे. परिणामी जानेवारीत हातांची अवस्था दुष्काळातल्या तळ्यासारखी.

आज सकाळी न्हाणीघरातल्या फळीवर, आरशामागे, चिझुरूची क्रीमची नळी सापडली. हाताला लावायची. युझूच्या, त्या लिंबासारख्या फळाच्या, सालीचा वास. झाकण उघडलं आणि घरभर ती. क्षणभर मागे वळूनही पाहिलं. (भावनांना वाव नाही.)

कायमची जाणारी बाई हाताचं क्रीम मागे ठेवून जाते का? जवळजवळ भरलेली नळी? एवढा एक पुरावा ओरिएच्या सहीला पुरून उरतो.

भरपूर लावलं. केंद्रात गेलो, भांडं धुतलं, अंगठा फिरवला. चुई नीट ऐकू आली नाही. वयोमानानं कान जरा मंद झाला असावा. दिवा लावला. तीन तासांनी पाणी तपासलं तर यंत्राच्या कागदावरच्या आलेखात फॉर्मिक आम्लाच्या जागी टेकडी. लहान, पण टेकडी!

श्रेय भुकटी भाजायच्या भट्टीचं तापमान दहा अंशांनी वाढवण्याच्या माझ्या डिसेंबरातल्या निर्णयाला. थोडं मनोधैर्यालाही.

सोमवार, २० जानेवारी

चार दिवस सलग टेकड्या. आजची सर्वांत उंच. रविवारी घरी बसून हातांची निगा राखली, विश्रांतीचा फायदा झाला.

नुकागाबाईंना कागद दाखवला. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या संशोधिका, वय अडतीस, शंका घेण्यात पंचाहत्तर. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, मग भांड्याचा वास घेतला. म्हणाल्या, सर, अभिनंदन, पण एकदा बुडबुडे बंद ठेवून बघू या का? कार्बन डायऑक्साइड दिलाच नाही तर आम्ल येता कामा नये. मी म्हणालो, बाई, सहा महिन्यांनी पानानं तोंड उघडलंय, लगेच उपाशी कशाला ठेवायचं?

चिझुरूला पत्र टाकलं, अठरा मार्चचं आमंत्रण. भाषा संयत ठेवली. शेवटी एकच ओळ: या वेळी पाच वर्षं नाहीत, आठच आठवडे. सोबत युझूची एक पेटी पाठवली. निवडून, प्रत्येक फळ हुंगून. क्रीमच्या वासाशी जुळतील अशीच घेतली. तिच्या आवडीनिवडी माझ्या लक्षात नसतात हा तिचा जुना आरोप आहे. पेटी उघडल्यावर तो निकाली निघेल.

सोमवार, २७ जानेवारी

ओरिएचा फोन. मेव्हणी म्हणून तिचा अधिकार मान्य केला तरी पट्टी जरा चढी असते. गोडाचं दुकान चालवते, पण स्वभावात त्याचा अंश नाही.

म्हणाली, भावोजी, अर्ज मिळाला ना? मग बसलात काय त्याच्यावर? मी म्हटलं, त्यावर मी नाही, तांदळाचा डबा बसला आहे. हे तिला विनोदी वाटलं नाही. मग म्हणाली, आणि ती युझूची पेटी कशाला धाडलीत? मी शेजारीपाजारी वाटून टाकली. तिला काय चालतं न् काय नाही, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला इतक्या वर्षांत?

म्हणजे सध्या आंबटाचं पथ्य असावं. दिवसभर दुकानात गोड चाखल्यावर जिभेला चालत नसेल. वाटून टाकायला मात्र चिझुरूनंच सांगितलं असणार, तिच्या दानशूर स्वभावाला धरून.

शेवटी ओरिए म्हणाली, ती इथे हसते हो. गिऱ्हाइकांशी बोलताना हसते. तुमच्याकडे शेवटची कधी हसली होती, आठवतं? मी तत्काळ सांगितलं: १६ ऑक्टोबर २०१६, रविवार, केंद्राचा कुटुंबमेळावा, माझ्या दिव्याच्या पंख्यानं याशिरोसाहेबांचा टोप उडाला तेव्हा.

ओरिएनं फोन ठेवून दिला. एवढ्या नेमक्या नोंदीची तिला अपेक्षा नसणार.

रविवार, २ फेब्रुवारी

सेत्सुबुन. घरातला राक्षस हाकलून लक्ष्मीला आत बोलवायचं, भाजलेले सोयाबीन फेकून. यंदा राक्षस आणि गृहस्थ एकच असल्यामुळे आधी आत उभं राहून बाहेर फेकले, मग बाहेर जाऊन आत. दार उघडं राहिलं तेवढ्यात घर गार झालं.

एरवी राक्षसाचा मुखवटा मी घालायचो आणि चिझुरू नेम धरायची. गेली काही वर्षं मी केंद्रात असायचो, म्हणून ती मुखवटा माझ्या खुर्चीला बांधून मारत असे असं तिच्याच तोंडून ऐकलं आहे. खुर्चीच्या पाठीवर खरंच बारीक खड्डे आहेत. आज पहिल्यांदा पाहिले. नेम चांगला होता.

वयाइतके दाणे खायचे असतात. चोपन्न खाल्ले. पोट बिघडलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नळी अर्ध्यावर आली. चिझुरू परत येईल तेव्हा तिला रिकामी नळी दाखवणं बरं दिसणार नाही, म्हणून मंगळवारपासून काटकसर. तीन दिवस लावलं नाही.

मंगळवार, टेकडी बुटकी. बुधवार, टेकाड. काल सपाट. बाहेर ढगाळ आहे म्हणून असेल असं लिहिणार होतो, पण आमचा सूर्य तळघरात असतो. भुकटीची नवी पुडी फोडली होती, दोष तिचा.

आज हात रक्ताळले, म्हणून लावलं. टेकडी परत! पुडीला दोष दिला त्याबद्दल पुडीची क्षमा.

नुकागाबाईंनी काल त्याच पानावर प्रयोग केला होता. हातमोजे घालून, त्यांच्या पद्धतीनं. शून्य. मी समजूत घातली की बाई, मनाला लावून घेऊ नका, हे अनुष्ठान आहे, कुणाच्या हाताला गुण असतो, कुणाच्या नसतो. त्या माझ्या हातांकडेच बघत होत्या. म्हणाल्या, तेच म्हणतेय सर. तुमच्याच हाताला का?

आदर दाखवण्याची काही माणसांची पद्धत विचित्र असते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

नुकागाबाईंनी आज सरळ विचारलं, सर, तुम्ही हाताला काही लावता का? भांड्याला लिंबासारखा वास येतो.

मी म्हणालो, छे.

का म्हणालो ते लिहून ठेवायला हवं, कारण मी खोटं बोलत नाही. माझ्या घरच्या फळीवर काय आहे हा केंद्राचा विषय नव्हे. ती नळी चिझुरूची आहे. तिच्या वस्तूंबद्दल परक्यांशी चर्चा करणं मला प्रशस्त वाटलं नाही. सभ्यता, दुसरं काही नाही.

बाई म्हणाल्या, बरं. आणि जड कार्बनचा सिलिंडर मागवला. साहेबांची सहीसुद्धा आधीच घेऊन आल्या होत्या. या वायूतला कार्बन नेहमीच्याहून जड असतो. पानानं हवाच खाल्ली असेल तर आम्लातही तो जड कार्बन सापडेल. आम्ल नेहमीच्या वजनाचं निघालं तर पान दुसरंच काही खात होतं. वाद संपला.

मी म्हणालो, अवश्य करा. सत्याला कशाची भीती?

सिलिंडर यायला तीन आठवडे. तोवर निश्चिंत.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

चिझुरूचा संदेश! मोबाइल खिशात थरथरला आणि भांडं सुटता सुटता राहिलं.

मजकूर असा: अर्जाचं काय झालं? दुसरा साक्षीदार मिळत नसेल तर ओरिएचे यजमान सही करतील.

तीनदा वाचला. मला साक्षीदार मिळत नसेल, म्हणजे मी एकटा पडलो असेन, ही काळजी त्या ओळीत स्पष्ट आहे. काळजी नसती तर माणूस इतकं लिहितो का? कळवलं की साक्षीदाराचं बघतो, तू अठरा तारखेचं बघ. उत्तर दहा मिनिटांत: त्या दिवशी दुकान उघडं असतं.

येणार नाही, असं म्हटलेलं नाही. दुकान उघडं असतं हे केवळ वस्तुस्थितीचं कथन.

याशिरोसाहेबांना सांगून पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची राखून ठेवली. त्यांनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, कुटुंबीय. साहेबांनी चहा घेता का, एवढंच विचारलं. ते केंद्रात आल्यापासूनच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा.

बुधवार, ५ मार्च

घर आवरलं. चौदा आठवड्यांची वर्तमानपत्रं बांधून रद्दीत. तिच्या बाजूची उशी उन्हात घातली. आरशासमोर भाषणाची तालीम: सन्माननीय सदस्यहो, वृक्ष जे कोट्यवधी वर्षं मुकाट्यानं करत आले, ते आज एका पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यानं केलं आहे. इथे थांबायचं. डावीकडे पहायचं. मग पुढे.

नळी पिळून पिळून वापरतो आहे. शेपटाकडून गुंडाळत आणली आहे. अठरा तारखेपर्यंत पुरायला हवी. पुरवायचीच, कारण अलीकडे तो वास नसला की हातात जीव नसतो आणि काम होत नाही. हे मानसशास्त्र आहे, रसायनशास्त्र नव्हे.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी ३.१५

जड कार्बनचा निकाल आला.

प्रयोग मीच केला, माझ्या हातांनी, नुकागाबाईंच्या देखत. टेकडी आली, उंच, सुरेख. मी बाईंकडे पाहिलं. बाई वजनाच्या आकड्यांकडे पाहत होत्या.

आम्लातला सगळा कार्बन नेहमीचा. जड कार्बनाचा कणसुद्धा नाही. सिलिंडरातला वायू जसा गेला तसाच बाहेर आला. पानानं तो हुंगलाही नाही.

मी म्हणालो, वजनाचं यंत्र बिघडलं असेल. बाई म्हणाल्या, सकाळीच तपासलंय सर. मी म्हणालो, सिलिंडरवर चुकीची चिठ्ठी असेल. त्या म्हणाल्या, तोही तपासलाय. मग म्हणाल्या, सर, बसा ना जरा. मला बसा म्हटलेलं आवडत नाही. बसलो.

मग त्या अगदी हळू, समजावल्यासारखं नाही, सांगितल्यासारखं म्हणाल्या, क्रीममध्ये ग्लिसरीन असतं. तुमच्या अंगठ्यावरून ते काचेला लागतं. उजेड पडला की पान ग्लिसरीन फोडतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. पान चालतंय सर, खोटं नाही. फक्त हवेवर नाही चालत.

मी म्हणालो, मी क्रीम लावत नाही.

त्या म्हणाल्या, हो सर. आणि निघून गेल्या. जाताना त्यांच्या हातमोज्यांचा खोका माझ्या टेबलावर विसरल्या. विसरल्या असाव्यात.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ६

बाई जेवायला गेल्यावर त्यांच्या शंकेचं कायमचं निरसन करायचं ठरवलं. हेत्वाभास उघडा पाडायचा.

हातमोजे घातले. तीस वर्षांत प्रथमच. भांडं धुतलं, पान धुतलं. बुडबुडे बंद. कार्बन डायऑक्साइड नाही, काही नाही. साधं पाणी आणि उजेड. दीड तास. सपाट.

मग नळी खिशातून काढली. शेपटापर्यंत गुंडाळलेली. कात्रीनं उभी कापली आणि आत उरलं होतं ते सगळं काचेच्या कांडीनं खरवडून भांड्यात सोडलं. तांदळाच्या दाण्याएवढं असेल. झाकण लावेपर्यंत तळघरभर ती.

दिवा लावला.

एकोणीस वर्षांतली सर्वांत उंच टेकडी. कागदात मावली नाही, यंत्राला माप बदलावं लागलं.

क्रीम होतं तेव्हा आम्ल होतं, नव्हतं तेव्हा नव्हतं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही. शाळकरी पोरालाही कळेल. भट्टीचं तापमान नाही, पुडी नाही, हातगुण नाही. जानेवारीपासून दिव्याखाली बसून मी माझ्या बायकोचा उरलासुरला वास पानाला चारत होतो, आणि त्याला स्वच्छ ऊर्जा म्हणत होतो.

नळी संपली. कागद घडी करून खिशात ठेवला.

शुक्रवार, १४ मार्च

काही नाही.

मंगळवार, १८ मार्च

समिती आली. सातजण. भाषण वाचलं नाही. उभा राहिलो आणि जे घडलं ते सांगितलं, टेकडीपासून कात्रीपर्यंत. सहा मिनिटं लागली. नुकागाबाईंचं नाव तीनदा घेतलं, ते घ्यायलाच हवं होतं. आम्लाचा शोध माझा नसला तरी चूक शोधली ती त्यांनीच.

मग एका वयस्कर सदस्यानं गंभीरपणे विचारलं, क्रीम कोणाचं होतं? त्यांना कंपनीचं नाव हवं असावं. मी म्हणालो, माझ्या पत्नीचं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. सदस्यांनी वहीत लिहून घेतलं: पत्नीचं.

पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. एक सदस्य तिथे आपली बॅग ठेवायला गेले तर याशिरोसाहेब पटकन म्हणाले, तिथे नको, ती राखीव आहे. साहेबांना मी ओळखायला चुकलो असेन.

दोन वाजून दहा मिनिटांपर्यंत दाराकडे पाहिलं. मात्सुएहून येणारी गाडी अकराला पोचते. पण ती कधी कधी उशिरा येते.

प्रकल्प मार्चअखेर बंद. एप्रिलपासून मला इमारतीच्या सुरक्षा-तपासणीचं काम: आग विझवायच्या नळकांड्यांच्या तारखा बघायच्या. नेमकेपणाचं काम आहे. मला जमेल.

सोमवार, २४ मार्च

तांदळाचा डबा उचलला. अर्जावर गोल वळ उठला आहे, पण अक्षरं शाबूत.

माझा रकाना भरला. एक रकाना असा की एकत्र राहणं कधी संपलं, त्याची तारीख लिहा. हवापालट असं लिहिण्याची सोय नाही. २३ नोव्हेंबर लिहिली. मापनातली चूक धरलेली नाही. धरली असती तर बरीच वर्षं मागे जावं लागलं असतं, खुर्चीवरच्या खड्ड्यांपर्यंत तरी.

दुसरा साक्षीदार. माझ्या ओळखीची माणसं मोजली. नुकागाबाईंकडे गेलो. कागद पुढे केला, म्हणालो, बाई, एक सही हवी होती. त्यांना आधी वाटलं की सामानाची मागणी आहे. मग वाचलं. शोधनिबंध वाचतात तसं, पहिल्या ओळीपासून, बोट ठेवत. पत्त्यात मी खोलीचा क्रमांक गाळला होता, तो दाखवला. मग म्हणाल्या, सर, यात तर शंका घ्यायला जागाच नाही हो. आणि त्यांचे डोळे भरून आले, जे मला अपेक्षित नव्हतं. सही सुवाच्य केली.

शिक्का मी घरी येऊन मारला. हात फुटलेले असल्यामुळे शेजारी एक तांबडा ठिपका उमटला. शिक्क्याची शाई की दुसरं काही, तपासलं नाही.

सोमवार, ३१ मार्च. सायंकाळी ५

सकाळी नगरपालिका. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळला. म्हणाल्या, आजोबा, तारीख राहिली. (आजोबा! चोपन्न!) काचेला दोरीनं बांधलेलं पेन दिलं. जी जागा चिझुरूनं कोरी सोडली होती आणि जिच्या आधारावर मी बारा आठवडे काढले, ती मीच भरली. तिनं ती कोरी का सोडली होती हे तेव्हा कळलं: देणाऱ्यानं द्यायच्या दिवशी भरायची असते. अर्जाच्या पाठीमागे छापलं आहे.

चार मिनिटं. बाई म्हणाल्या, मिळाला, झालं. नदीकाठची चेरी फुलते आहे. झाडांचं त्यांचं त्यांचं चाललं होतं, फुकटात.

चिझुरूला कळवलं: अर्ज दिला. आणि एक कबुली, तुझं हाताचं क्रीम मी सगळं संपवलं. क्षमस्व. नवी नळी पाठवतो.

उत्तर आत्ता आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

“आभारी आहे. ते क्रीम माझं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात तुमच्या फुटलेल्या हातांसाठी आणलं होतं. आरशामागे ठेवलंय असं दोनदा सांगितलं होतं. मला युझूनं अंगावर चट्टे उठतात, लग्नाआधीपासून. हात सांभाळा.”

एकदाच वाचलं. अर्थ लावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चहाचा कप विसळला. ओला अंगठा आतून फिरवला. चुई. अगदी स्पष्ट ऐकू आली. कानाला काही झालेलं नाही.